ब्लेझरला किती गुण?

एप्रिल-मे महिन्यात, चंद्रपुरात किंवा अकोल्यात पारा ४५ च्या आसपास घुटमळत असताना, एकवीस-बावीस वर्षांच्या पोरांना टेरिकॉटचा काळा कोट चढवायचा, गळ्याला टाय आवळायचा, पायांत बंद बूट घालून वर्गासमोर उभं करायचं आणि मग त्यांना घाम फुटला की ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा मारायचा, या उद्योगाला आपल्याकडे व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात.

शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्टची प्रेझेंटेशनं लागली की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ हमखास येते: ‘फॉर्मल्स कंपल्सरी.’ डेटा कुठून आणलात, मोजमाप कसं केलंत, दुसऱ्याचं काम कुठे संपतं आणि तुमचं कुठे सुरू होतं, हे सांगायची तयारी करून या, असं त्या ओळीत कधीच नसतं. मी इंजिनिअरिंगला शिकवते, बाहेरची परीक्षक म्हणून दुसऱ्यांच्या कॉलेजांतही जाते. तिथे जे पाहते त्यावरून माझं मत पक्कं झालंय. ही सक्ती त्या लोकांनी लावली आहे ज्यांना समोरच्याचं काम वाचायचा कंटाळा आहे. साठ पानांचा रिपोर्ट वाचायला दुपार जाते. बुटांना पॉलिश आहे की नाही, हे दारातूनच दिसतं.

आणि हे नुसतं हौसेचं राहिलेलं नाही, त्याला गुण आहेत. एका कॉलेजात माझ्या हातात मूल्यमापनाचा तक्ता आला, त्यात ‘पेहराव व देहबोली’ असा स्वतंत्र रकाना होता आणि त्याला तितकेच गुण होते जितके ‘निष्कर्ष’ या रकान्याला. म्हणजे वर्षभर राबून काढलेला निष्कर्ष आणि सकाळी इस्त्री केलेला शर्ट, दोन्ही एका भावात.

त्याच दिवशी एका गटानं सोयाबीनमधला ओलावा मोजायचं स्वस्त यंत्र मांडलं. सोयाबीनच्या हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची मर्यादा बारा टक्के असते. शेतकऱ्याचा माल केंद्रावर गेला की आकडा समोरच्याच्या यंत्रावर दिसतो आणि त्याला मुकाट्यानं मान डोलवावी लागते. घरून निघण्याआधीच आपला आकडा आपल्याला कळावा, एवढीच त्या पोरांची धडपड. त्यांना विचारण्यासारखं पुष्कळ होतं. कपॅसिटन्सवरून ओलावा मोजताना तापमान बदललं की आकडा हलतो, त्याचं काय केलंत? ताडून कशाशी पाहिलंत, ओव्हनमध्ये वाळवून वजन केलंत का? माझ्या शेजारी बसलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “टाय कुठाय?”

पोरगा गोंधळला. त्याच्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर संपत होत्या, कारण कोट त्याचा नव्हता. हॉस्टेलमधला तो एकच कोट सकाळपासून एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे फिरत होता. आतल्यानं बाहेर येऊन काढायचा, बाहेरच्यानं तसाच ओला चढवून आत जायचं. टाय मधल्या कुणाकडे तरी राहिला होता. “इंडस्ट्रीत हे चालत नाही,” असं परीक्षकांनी त्याला बजावलं. त्या पोराचा बाप हमालीवर की शेतावर, मी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. कोट उसना घ्यावा लागतो यातच काय ते आलं. ‘पेहराव’ या रकान्यात आपण गुण देतो ते पेहरावाला नव्हे, घरच्या कमाईला.

‘इंडस्ट्री’ या शब्दाचा धाक आमच्या कॉलेजांत फार. तर त्या इंडस्ट्रीचंही ऐका. वार्षिक महोत्सवाला, हॅकेथॉनला पाहुणा म्हणून कुणी स्टार्टअपवाला बोलावला की तो येतो गोल गळ्याच्या टी-शर्टात आणि पांढऱ्या स्नीकर्समध्ये. स्टेजवर मध्यभागी तो आरामात बसलेला, आजूबाजूला कोटात उकडणारे विभागप्रमुख आणि समोर ब्लेझरमध्ये रांगेनं उभी पोरं, असा फोटो दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या पेजवर झळकतो. मग प्राचार्य भाषणात म्हणतात, बघा, किती साधे आहेत सर! हा साधेपणा नाही हो. स्टीव्ह जॉब्सचा तो प्रसिद्ध काळा टर्टलनेक इसे मियाके या नामवंत जपानी डिझायनरकडून आलेला होता. मार्क झुकरबर्ग वर्षानुवर्षं करड्या टी-शर्टात वावरला आणि २०१८ साली अमेरिकी संसदेनं जाब विचारायला बोलावलं तेव्हा निमूटपणे सूट-टाय घालून हजर झाला. नियम सोपा आहे: ज्याच्या हातात पैसे तो टी-शर्टात, ज्याला पैसे मागायचे तो टायमध्ये. हा नियम पोरांना उघड सांगितला तर निदान ते शिक्षण तरी होईल. आपण त्याला ‘प्रोफेशनॅलिझम’ म्हणून विकतो.

विकणारे म्हणजे सॉफ्ट स्किल्सचे ट्रेनर. कॉलेजं त्यांना मानधन देऊन बोलावतात आणि ते पहिल्याच स्लाइडवर एक आकडा फेकतात: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि ‘दिसण्याचा’ ५५. सभागृह आ वासून ऐकतं. विज्ञान शिकवणारे आमचे सहकारी पहिल्या रांगेत बसून माना डोलावतात, हे मला जास्त झोंबतं. हा आकडा आला कुठून? १९६७ साली अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर दोन छोटे प्रयोग केले. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, ते ओळखायला सांगितलं. त्यातले ५५ टक्के होते चेहऱ्यावरच्या भावाचे. कपड्यांचा त्या प्रयोगांत संबंधच नव्हता. भावना आणि आवडीनिवडी यांच्यापलीकडे हे समीकरण लागू करू नका, असं खुद्द मेहराबियननं लिहून ठेवलंय. शब्दांचा वाटा खरोखरच ७ टक्के असता, तर या ट्रेनरसाहेबांनी दोन तास तोंड कशाला चालवलं? नुसता कोट पाठवून द्यायचा होता.

दुसरी आवडती कथा डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाची. २०१२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. डॉक्टरचा म्हणून सांगितलेला कोट घातलेल्यांचं चित्त जास्त एकाग्र झालं, असा त्याचा निष्कर्ष. त्यावरून ‘जसे कपडे तसा मेंदू’ असं सुभाषित तयार झालं आणि देशोदेशीच्या कार्यशाळांत फिरलं. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग जास्त माणसांवर, आधी पद्धत जाहीर करून केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. हे मात्र कुठल्याच स्लाइडवर येत नाही. सुभाषिताला दुरुस्ती नसते.

आता हवेचं बोलू. काळा कोट म्हटलं की वकील आठवतात. पण बार कौन्सिलच्या नियमांतही उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं वगळता काळ्या कोटाची सक्ती नाही. म्हणजे खुनाच्या खटल्यात तालुक्याचा वकील कोटाशिवाय उभा राहू शकतो, पण मायक्रोकंट्रोलरवर दिवा लावून दाखवणारं पोर नाही! जपाननं २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढली. उन्हाळ्यात एसी २८ अंशांवर ठेवा, कोट-टाय उतरवा, असं सरकारनंच कचेऱ्यांना सांगितलं. शिष्टाचाराच्या बाबतीत जपानी माणसाला शिकवण्याइतके आपण नक्कीच पुढारलेले नाही. २००९ साली विजेची टंचाई होती तेव्हा बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी सरकारी कर्मचाऱ्यांना सूट घालू नका म्हणून सांगितलं. कारण अगदी साधं आहे: अंगात कोट असला की एसी खाली आणावा लागतो. आपल्याकडे उलट चालतं. आधी कोट घालायला लावायचा, मग त्या कोटासाठी सेमिनार हॉल थंड करायचा, मग ग्रीन कॅम्पसचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगायचं. ज्या कॉलेजांत एसी फक्त प्राचार्यांच्या केबिनमध्ये आहे, तिथे तर निव्वळ वाफ.

मुलींचं प्रकरण याहून वेगळं आणि जास्त संतापजनक. मुलगा चुकला तर टाय विसरला म्हणून चुकतो. मुलीला चुकण्याचे प्रकार अनंत. जीन्स घातली तर कॅज्युअल, कुर्ता घातला तर ‘कॉर्पोरेट लुक नाही’, ट्राउझर-शर्ट घातला तर घट्ट, आणि सैल घातला तर अजागळ. मग कुणीतरी मॅडमच, आपल्यातलीच, मायेनं सांगते: “अगं, साडी नेस ना, ग्रेसफुल दिसतं.” साडी मला मनापासून आवडते, मी रोज नेसते. पण आयुष्यात दुसऱ्यांदा साडी नेसणाऱ्या पोरीनं एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात रिमोट धरून फेज मार्जिन समजावून सांगावं, ही अपेक्षा करणाऱ्यांनी आधी स्वतः ते करून दाखवावं.

कॉलर माइक लावायची वेळ आली की मग तर सगळं उघडं पडतं. त्या माइकला एक डबी असते, ती पट्ट्याला किंवा खिशात अडकवायची आणि क्लिप कॉलरला लावायची. पट्टा, खिसा, कॉलर. हा माइक बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होतं, ते सांगायला नकोच. कुर्त्याला खिसा नाही, कॉलर नाही. पदराला क्लिप लावली की पदर हलला तसा खरखराट. डबी हातात धरून बोललं तर हात गुंतला. साउंडवाला पोरगा लाजून लांब उभा, संयोजक घड्याळ पाहतायत, आणि स्टेजवरची बाई तीनशे माणसांसमोर डबी कंबरेला कुठे खोचायची याचा शोध घेतेय. नंतर अभिप्राय येतो, ‘सुरुवातीला थोड्या नर्व्हस वाटल्या.’ हॉल गारठलेला असेल तर शाल वरून. कचेऱ्यांतल्या थंडाव्याचं गणित १९६० च्या दशकात चाळिशीच्या, सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरावर बेतलेलं आहे, हे २०१५ साली दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे एसीही कोटवाल्याच्याच सोयीचा.

आणि बाईनं सगळं जमवलं, तरी पाहणारा पाहतो काय? २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत पोचलं. रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या बायका एकमेकींना मिठी मारून हसतायत, असा इस्रोमधला फोटो जगभर गाजला. काठ, गजरे, संस्कृती, सगळ्यांवर लेख आले. पुढे इस्रोनं सांगितलं की फोटोतल्या त्या बायका प्रशासकीय कर्मचारी होत्या, मोहिमेवर काम केलेल्या अनेक शास्त्रज्ञ स्त्रिया नियंत्रण कक्षात होत्या. त्या कर्मचाऱ्यांचा आनंद अस्सलच होता, त्यांना मी एक शब्दही बोलणार नाही. बोलणार आहे ते आपल्याला. आपण साडी पाहिली, गजरा पाहिला आणि कोण, काय काम करतं, हे विचारायचं राहूनच गेलं. कौतुकसुद्धा कपड्यापाशी अडलं.

यात सरकारही मागे नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट, स्लिपर नको, असं परिपत्रक काढलं. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांचा नंबर लागला. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, सरांनी शर्ट-पँट, आणि शर्ट इन केलेला हवा. राज्यात शाळा गळतायत, एकेका शिक्षकाच्या गळ्यात दोन-दोन वर्ग पडतायत, त्यांना जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे पिटाळलं जातं, आणि मंत्रालयाला काळजी शर्टाच्या टोकाची. शर्ट आत खोचल्यानं गणित सुधारत असतं, तर हा उपाय एव्हाना जगानं उचलला असता.

इथे कुणीतरी म्हणणार, मॅडम, म्हणजे कपड्यांना काही अर्थच नाही का? वा! अर्थ नसता तर मी एवढी चिडले कशाला असते? १८८८ साली पुण्यात ब्रिटनच्या राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. शहरातली बडी मंडळी दागदागिने लेवून आली होती. जोतीराव फुले आले शेतकऱ्याच्या वेशात. त्यांना चांगले कपडे परवडत नव्हते, असं नाही. ते कंत्राटदार होते, पुणे नगरपालिकेचे सदस्य राहिलेले होते. त्या वेशात उभं राहून त्यांनी राणीच्या मुलाला सुनावलं की ही झगमगती माणसं म्हणजे हा देश नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत जा, आणि तिच्या शिक्षणाचं पाहा. कपडा आणि मुद्दा एकच होता, दोन्ही त्यांनी स्वतः निवडले होते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना उलटं सांगितलं. लुगडं गुडघ्यापर्यंत नेसण्याची आणि जाडजूड दागिन्यांची तऱ्हा सोडा, ती तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे. वरच्या जातींच्या बायका नेसतात तसं नेटकं नेसा. स्वतः ते बहुतेकदा सुटाबुटात राहिले, आणि आजही गावोगावच्या पुतळ्यांत त्यांचा निळा कोट ताठ उभा असतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नीट कपडा घालायची मनाई होती, त्यांच्यासाठी तो कोट म्हणजे हक्क आहे. तेव्हा एखाद्या पोराला कोट घालून उभं राहावंसं वाटत असेल, तर त्याला नाक मुरडणाऱ्या साधेपणाच्या पुजाऱ्यांनीही गप्प बसावं. फुल्यांनी कोट नाकारला, आंबेडकरांनी चढवला. दोघांनाही समोर कोण बसलंय आणि त्याला काय ऐकवायचंय, हे ठाऊक होतं. ‘फॉर्मल्स कंपल्सरी’ या नोटिशीत हेच नसतं. तिथे निवड नाही, मुद्दा नाही, फक्त आज्ञाधारकपणाची हजेरी आहे.

निवड करताना डोकं वापरावं लागतं, हेही खरं. नोव्हेंबर २०१४ मध्ये रोझेटा मोहिमेचं यान धूमकेतूवर उतरलं, तेव्हा मोहिमेतला एक प्रमुख शास्त्रज्ञ तोकड्या कपड्यांतल्या बायकांची चित्रं छापलेला शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर आला. नंतर त्याला रडत माफी मागावी लागली. तो शर्ट अनौपचारिक होता हा त्याचा दोष नव्हता. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्या माणसांना तो खिजवत होता. माझी कसोटी तेवढीच आहे. तुमच्या कपड्यानं ऐकणाऱ्याचा अपमान होतो का? नाही ना? मग पुढे बोला.

आता कुणी खरोखरच विचारलं, की मॅडम, उद्या प्रेझेंटेशन आहे, काय घालू, तर माझं उत्तर असं. सुती घाल, धुतलेलं घाल. करडा आणि आकाशी रंग टाळ, त्यांवर घामाचे डाग लगेच उमटतात. कॅमेरा असेल तर बारीक चौकडी किंवा बारीक रेघांचा शर्ट नको, पडद्यावर तो लहरतो आणि लोक तुझ्या आलेखाऐवजी शर्टाकडे बघत बसतात. मागचा पडदा काळा असेल तर काळं घालू नकोस, नाहीतर नुसतं मुंडकं बोलताना दिसेल. माइक कुठे अडकवायचा ते आदल्या दिवशी पाहून ठेव. कुर्ता असेल तर खिशाचा निवड. टेबलावरच्या माइकपाशी किणकिणणाऱ्या बांगड्या काढून ठेव. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. झालं, एवढंच. उरलेला वेळ स्लाइडवरच्या अक्षरांचा आकार वाढवण्यात, आलेखाच्या अक्षांवर एकक लिहिण्यात आणि ‘हे तू स्वतः केलंस का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर तयार करण्यात घालव. ज्या सभागृहात तुझ्या टायवर चर्चा होईल, तिथे तुझ्या कामाची लायकी ठरवण्याची कुणाची लायकी नाही, एवढं ध्यानात ठेव.

ट्रेनरांना, विभागप्रमुखांना, मूल्यमापनाचे तक्ते बनवणाऱ्या समित्यांनाही एक सांगायचंय. तो रकाना काढून टाका. ‘सादरीकरण’ मोजायचंच असेल तर मुद्द्यांचा क्रम मोजा, आकडे समजावून सांगता येतात का ते मोजा, आणि ‘मला माहीत नाही’ हे उघडपणे म्हणायची हिंमत मोजा. काढणार नसाल, तर माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय. माझ्या हाती येणाऱ्या प्रत्येक तक्त्यात ‘पेहराव’ या रकान्यात मी सगळ्यांना सरसकट पूर्ण गुण देते, समोरचा कोटात असो, कुर्त्यात असो, की गावाकडून आणलेल्या चुरगळल्या शर्टात. गेल्या काही परीक्षांत तसे दिलेही आहेत, सहीनिशी. ज्या समितीला यावर हरकत असेल तिनं लेखी कळवावं. फक्त पत्र लिहिण्याआधी त्या सोयाबीनवाल्या पोराचा रिपोर्ट वाचून घ्यावा.